पट्टीखालची कड

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘सगळं ठीक’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून शेवटी पत्र. जिनं जन्मभर पाकिटं पारखली तिला पाकीटच पाठवलेलं बरं, असं बाबा म्हणतात. ते स्वतः मात्र कुणालाच लिहीत नाहीत.

माझी नोकरी बरी चालली आहे. लिलावघर म्हटलं की लोकांना झुंबरं आठवतात. आमच्याकडे दोन खोल्या, जुन्या टपालाच्या पाकिटांनी भरलेलं एक लोखंडी कपाट, एक डुगडुगणारं टेबल आणि मालक एवढंच आहे. मालकांना ‘बहुधा’ या शब्दाचा भयंकर राग आहे. पाकीट खरं की खोटं तेवढं सांग, असं म्हणतात आणि मान वळवून हिशोबाला लागतात.

आता मुद्द्याचं सांगते. आठवडाभर पोटात ठेवलंय आणि त्यापायी जेवण जात नाहीये. येत्या लिलावासाठी फौजी डाकेचं एक पाकीट आलंय, लढाईच्या काळात सैनिकानं घरी धाडलेलं. पुढे फौजेच्या पोस्टाचा गोल शिक्का. डाव्या कडेला सेन्सॉरची कागदी पट्टी, आणि सेन्सॉरचा शिक्का अर्धा पट्टीवर, अर्धा पाकिटावर, जसा हवा तसा. मागे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तुझी सही, म्हणजे तू तपासून खरं ठरवलेलं. विकायला आणणारे एक टोपीवाले गृहस्थ आहेत. ते गिऱ्हाइकाला तुझी सही आधी दाखवतात, पाकीट मग. मालक तर कॅटलॉगात तुझं नाव जाड अक्षरात छापणार आहेत.

माझं घोडं पेंड खातंय ते इथं. ती पट्टी अखंड आहे. उरलेल्या कडा बंद आहेत आणि मागची घडीही चिकटलेली आहे. सेन्सॉरनं कापलं, वाचलं, पट्टी लावून बंद केलं, इथवर मान्य. मग घरच्यांनी पत्र बाहेर काढलं कुठून? आणि दिव्यासमोर धरलं की पट्टीखालची कड दातेरी दिसते. तूच शिकवलंस ना, की सेन्सॉर कापतो आणि आई फाडते? दिवसभर परक्यांची पत्रं उघडणारा माणूस सुरी वापरतो. एकाच पत्राची वाट बघणारी बाई अंगठा घालते. मला असं वाटतं की पाकीट जुनं आणि खरं आहे, पण साधंसुधं. घरी फाडून उघडलेलं. नंतर कुणीतरी त्याची फाटकी कड झाकली, दोन शिक्के मारले आणि त्याला लढाईवर पाठवलं.

माझंच चुकत असणार. कुठं चुकतंय तेवढं सांग, म्हणजे मी गप्प बसेन. उत्तर लवकर दे, मी टेबलाभोवती येरझारा घालतेय आणि मालक म्हणतात फरशी झिजेल.

तुझा लोभ आहेच, त्यात थोडी शिकवणी मिसळ.

तुझी,
भिंगरी

---

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं काढतेस, ते जरा मोठं काढ. शाईला काय पैसे पडतात?

तू नोकरीला लागून किती दिवस झाले गं? मी पोस्टात शिक्के मारायला लागले तेव्हा तुझा बाप चड्डीला दोरी बांधून हिंडत होता. सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अखंड पट्टी पाहिलीस आणि झालीस मोकळी. घरच्यांनी पट्टी फाडूनच पत्र काढलं असेल, आणि पुढे एखाद्या हौशी संग्राहकानं पाकीट देखणं दिसावं म्हणून त्याच जातीची दुसरी पट्टी लावली असेल, असं तुझ्या डोक्यात का आलं नाही? लोक डागडुजी करतात. ती करू नये, पण डागडुजी म्हणजे बनावट नव्हे.

ते पाकीट मला आठवत नाही. इतकी हातांखालून गेली, सगळी कुठं आठवणार? पण सही माझी असेल तर मी पाहिल्याशिवाय केलेली नाही, एवढं लक्षात ठेव. आणि तुझ्या त्या टोपीवाल्यांना सांग की माणसानं पाकीट आधी दाखवावं.

तरीही तुला चैन पडत नसेल तर पाकीट पाठवून दे. पुन्हा बघते. फोन करू नकोस. फोनवर मला भांडता येत नाही.

माझा लोभ तुझ्या आगाऊपणासकट आहे, तो तसाच राहील.

तुझी,
आत्या

---

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलं असशीलच. सगळे जिवंत आहोत, तेव्हा आधी बस.

काल ताईकडे गेलो होतो. तिनं मला पाणी दिलं. म्हणजे तांब्यातून ओतलं, पण पेल्याच्या शेजारी. तिनं पदरानं टेबल पुसलं आणि म्हणाली की हल्ली पेले फार घसरतात. मग तुझा विषय निघाला. तुझं पत्र तिला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई वाचून दाखवतात, हे मला त्या बाईंकडूनच जिन्यात कळलं. तुला आलेलं उत्तर ताईनं स्वतः लिहिलंय, पण त्याच्या ओळी एकमेकींवर चढल्या असतील, बघ.

परत वर गेलो आणि सरळ विचारलं. आधी ओरडली. मग सांगितलं. डोळ्याच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात आहे तेवढं सांभाळा, गेलेलं यायचं नाही. वर्ष उलटून गेलं म्हणे. मला, सख्ख्या भावाला, पत्ता नाही! आणि या वर्षभरात लोक पाकिटं घेऊन तिच्याकडे येतच होते.

पोरी, तुझ्या पाकिटाचं खरंखोटं मला कळत नाही, मला तिकीट सरळ चिकटवता येत नाही. पण ताईकडे तिच्या नावाशिवाय दुसरं काही नाही. संसार केला नाही, घर भाड्याचं. टपाल जमवणाऱ्यांच्या मंडळातली माणसं अजून उठून उभी राहतात तिच्यासाठी, तेवढीच तिची कमाई. ते पाकीट तिच्याकडे पाठवू नकोस. तिला कळलं की आंधळेपणानं खोट्यावर सही केली, तर ती उभी कोसळेल. एका पाकिटाकडे काणाडोळा केलास तर जग बुडणार नाही.

तुझी आई म्हणते नीट जेव. लोभ ठेव, आणि या वेळी जरा ऐक.

तुझे,
बाबा

---

१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनतीनदा वाचलं. हो, ओळी चढल्या होत्या. मला वाटलं रागात लिहिलंय.

उशीर झाला आहे, बाबा. मालक कालच तुमच्या बाजूला एक जुना संग्रह बघायला निघाले, आणि पाकीट त्यांच्याबरोबर आत्याकडे गेलं. तिनं मागितलं होतं, मी दिलं. तुमचं पत्र त्यानंतर आलं. आज ऑफिसातल्या प्रत्येक खुर्चीवर बसून झालंय आणि एकीवरही बसवत नाहीये.

पण खरं सांगते, पत्र आधी आलं असतं तरी काय केलं असतं ठाऊक नाही. मी मालकांना शंका बोलून दाखवली होती. ते म्हणाले, तुझ्या आत्याची सही आहे ना, मग तू कोण? त्या पाकिटावर तिचं नाव जाड अक्षरात छापून विकलं जाईल, आणि उद्या कुणीतरी माझ्यासारखंच दिव्यासमोर धरेल. तो तिचा कुणी नसेल. तो मंडळाच्या भर सभेत सांगेल आणि लोक हसतील. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं मी स्वतःला सांगते, आणि मग वाटतं की हे सगळं मला बरोबर ठरायचंय म्हणून तर नाही?

मला तिची फार भीती वाटते आहे. तिच्याकडे जाऊन या. पाण्याचा पेला तुम्हीच भरा.

आईला सांगा जेवते आहे. खोटं आहे, पण सांगा. मायेत उणं येऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

---

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या बापानं तुला सगळं सांगितलंय, हे त्यानं मला पेला भरून देताना चेहऱ्यावरच लिहून आणलं होतं. चेहरा दिसला नाही, पण आवाजही चेहऱ्यासारखाच आहे त्याचा. तेव्हा लपवाछपवी संपली. हे पत्र मी सांगते आहे आणि शिंपीणबाई लिहीत आहेत. त्यांचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुझे मालक पाकीट घेऊन आले. ते बसले होते तोवर मी भिंग लावून बघितल्याचं सोंग केलं. ते दुसऱ्या कामाला गेल्यावर भिंग खाली ठेवलं आणि पट्टीवरून नख फिरवलं. सुरीनं कापलेली कड नखाखाली सरळ जाते, फाडलेली अडखळवते. नख अडखळलं. डागडुजी असती तर खाली जुन्या पट्टीचा थर उरला असता, तो कुठंच लागला नाही. आईनं फाडलेलं पाकीट आहे ते, सेन्सॉरनं कधी हातात घेतलेलं नाही. बनावट आहे. तुझं बरोबर आहे आणि मागच्या पत्रात मी तुला जे सुनावलं ते परत घेते.

आता सहीचं. ज्याच्याकडे बघावं तेच माझ्यासमोरून नाहीसं होतं. मान जराशी वळवली की कडेनं काहीबाही कळतं. खालच्या कोपऱ्यात, माझ्या नेहमीच्या जागी, माझ्याच वळणाची करडी पुसट रेघ आहे. सही माझी आहे. म्हणजे हे पाकीट कुणीतरी माझ्यापुढे धरलं, मी ते खरं म्हटलं, आणि आज मला त्याचं काही आठवतही नाही. नखसुद्धा फिरवलं नसेन. याची मला लाज वाटते, पोरी. डोळे गेले त्याची वाटली नव्हती.

तू विचारशील, दिसेनासं झालं तेव्हाच का थांबले नाही. थांबायला हवं होतं. पण लोक जिना चढून येतात, टेबलावर पाकीट ठेवतात आणि श्वास धरून माझ्याकडे बघतात. ते यायचे बंद झाले असते तर मी दिवसभर काय केलं असतं? बोटांना अजून कळतं, असं मनाची समजूत घालत राहिले. बोटांना कळत होतंही. पण प्रत्येक वेळी कळलंच असेल, असं आता कुणी म्हणावं?

मंडळाला काल लिहून टाकलं आहे. तपासनिसांच्या यादीतून माझं नाव काढा, आणि गेल्या वर्षभरातल्या माझ्या सह्या धरू नका. पत्र टाकायला शिंपीणबाईच गेल्या. वाटेतून परत आल्या आणि खरंच टाकू ना, असं विचारून गेल्या.

पाकीट मालकांकडे परत दिलं आहे. ते विकू देऊ नकोस. तुझा माझ्यावर राग नसावा, लोभ किती ठेवायचा ते तू ठरव.

तुझी,
आत्या

(ताईंनी सांगितलेलं नाही, मीच लिहिते. पत्र सांगताना त्या दोनदा उठून खिडकीशी गेल्या. तुम्ही लवकर काहीतरी लिहा. – खालच्या मजल्यावरची)

---

२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शिंपीणबाई, मशीन थांबवा आणि हे अगदी सावकाश, मोठ्यानं वाचा.

आत्या, ती सही तुझी नाही!

ऐक. पाकीट परत आल्यावर मालकांना पट्टीखालची कड दाखवायची म्हणून मी दिवा टेबलालगत आडवा धरला, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. कड दाखवून झाली आणि दिवा उचलताना पाकिटाच्या पुढच्या बाजूला, पत्त्याखाली, कोपऱ्यात काहीतरी उठून दिसलं. मागे पेन्सिलीनं केलेली सही पुढून उमटली होती. उलटी, फुगीर, अक्षर न् अक्षर वाचता येईल इतकी. म्हणजे सही करणाऱ्यानं पाकीट टेबलावर ठेवलं होतं आणि पेन्सिल दाबून चालवली होती.

तू कधी टेबलावर सही केली आहेस? मी पहिल्यांदा केली तेव्हा तू माझ्या हातावर फटका मारला होतास. पाकीट डाव्या तळहातावर घ्यायचं, मऊ पेन्सिल टेकवायची नुसती, कागदाला कळताही कामा नये, असं म्हणाली होतीस. तुझ्या सहीच्या जुन्या पाकिटांपैकी बाबांकडे एक आहे. ते मागवून घेतलं आणि त्याच दिव्याखाली धरलं. पुढची बाजू सपाट! मग टोपीवाल्यांनी आणलेली बाकीची पाकिटं कपाटातून काढली. प्रत्येकावर तुझी सही, आणि प्रत्येक सही पुढून फुगलेली. शिवाय सगळ्या एकसारख्या, वळण न् वळण. तुझ्या दोन सह्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणीसुद्धा वाटत नाहीत, चुलत वाटतात.

म्हणून तुला ते पाकीट आठवत नव्हतं. ते तुझ्यापुढे कधी आलंच नव्हतं. तू नख फिरवलं असतंस तर ते तुझ्या हातून सुटलंच नसतं, आणि तू नख फिरवत नाहीस असं होत नाही.

मालकांनी टोपीवाल्यांना बोलावून आडवा दिवा दाखवला. ते म्हणाले की त्यांनीही दुसऱ्याकडूनच घेतली, मग म्हणाले की पाहुणे यायचेत, आणि चहा अर्धा टाकून गेले. मालकांनी पाकिटं परत दिली नाहीत. मंडळाला स्वतः लिहिलं, आणि त्यात ‘बहुधा’ हा शब्द नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात की तुझा राजीनामा त्यांनी अजून वाचून दाखवलेलाच नाही, तू एक ओळ लिहिलीस की ते तो परत करतील.

तेव्हा आत्या, ती एक ओळ लिही. आजच लिही. मला इथं नाचावंसं वाटतंय आणि टेबल आधीच डुगडुगतंय. तुझ्या नावाला काही झालेलं नाही. लोभ आहे तसा, किंबहुना दुप्पट असू दे.

तुझी,
भिंगरी

---

३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे मी स्वतःच्या हातानं लिहिते आहे. ओळी चढल्या तर चढू देत.

तुझं पत्र वाचताना शिंपीणबाई अर्ध्यावर टाळ्या वाजवायला लागल्या. पुढचं वाचायलाच तयार होईनात. मीही हसले. तुझ्या बापाला बोलावलं, त्याला पुन्हा वाचून दाखवलं, तो रडला. तो लहानपणापासून असाच आहे. मला तर इतकं हलकं वाटलं की मी दुपारी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत एकटी जाऊन आले. तुझ्याइतकी चांगली पारख मलाही तुझ्या वयात नव्हती, हे आज लिहून ठेवते. पुन्हा म्हणणार नाही.

पण ती ओळ लिहिणार नाही.

तू मला हे पत्र पाठवलंस तेव्हापासून मी एकच गोष्ट घोळवते आहे. ते पाकीट माझ्या हातात होतं. पट्टीवरून मी नख फिरवलं, कडा चाचपल्या आणि खोटं ओळखलं. पुढच्या बाजूला ती सही फुगलेली होती, बोटाला लागली असती. मी तिथं बोट नेलंच नाही. माझ्या जागी माझ्या वळणाचं काहीतरी आहे एवढं कडेनं कळलं आणि मी माझीच म्हणून मोकळी झाले. दुसऱ्याचं पाकीट मी दहादा उलटून पाहिलं असतं. स्वतःचं नाव तपासावं हे मनात आलं नाही. माझ्यापुढे तपासायला आलेली शेवटची सही माझीच होती, आणि तिला मी खरी म्हटलं. खोटी सही करणाऱ्यानं मला फसवलं नाही गं, त्याच्या वतीनं मीच ग्वाही दिली. जिला स्वतःची सही ओळखू येत नाही तिच्या सहीवर लोकांनी का विसंबावं? अध्यक्ष माझ्या प्रेमापोटी राजीनामा दाबून बसले आहेत. त्यांना मी आजच दुसरं पत्र टाकलं आहे, जरा कडक.

यात तू काही वाईट केलंस असं मनात आणू नकोस. तू माझं नाव मला परत आणून दिलंस. ते धड असतानाच मी आवरतं घेते, एवढंच. गेल्या वर्षभरातली माझ्या सहीची पाकिटं मंडळ पुन्हा तपासणार आहे. ती तुझ्याकडे पाठवा असं मी सुचवलं आहे. एखादं माझ्या हातून खरंच सुटलेलं निघालं तर लपवू नकोस, माझ्या मायेला भिऊन तर मुळीच नाही. मला कळव. मी ओरडेन, मग शांत होईन.

रडू आलं नाही असं नाही. येतं. सकाळी टेबल आवरून बसते आणि जिन्यावर पावलं वाजली की पदर सारखा करते, मग आठवतं की ती पावलं शिंपीणबाईंच्या गिऱ्हाइकांची आहेत.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. आलीस की माझ्यासमोर बसू नकोस, समोरचं माणूस मला पुसलेलं दिसतं. जरा बाजूला बस, खिडकीच्या अंगाला. बाजूला बसलेलं माणूस मला अजून नीट दिसतं.

माझा लोभ आहे, तो तपासून घ्यायची गरज नाही.

तुझी,
आत्या